पालीला कोटीचा भाव? आधी शंकेची पाल चुकचुकू द्या

मोबाईलवर एक व्हिडिओ येतो. वजनकाट्यावर एक जाडजूड, ठिपकेदार पाल ठेवलेली असते. मागून आवाज येतो, "तीनशे ग्रॅमच्या वर असेल तर एक कोटी, पार्टी तयार आहे." खाली एक नंबर असतो. गावातला ग्रुप, पाहुण्यांचा ग्रुप, मित्रांचा ग्रुप असं करत व्हिडिओ फिरत राहतो. मग दोन-चार पोरं रात्री बॅटरी घेऊन रानात फिरायला लागतात.

मांडुळाच्या बाबतीत आपल्याकडे हेच झालं. दुतोंड्या सापाला लाखांचा भाव, गुप्तधन सापडतं, अमुक किलो वजन पाहिजे, अशा थापा ऐकून कितीतरी जण फसले. काही जेलमध्ये जाऊन आले. साप मेले ते वेगळंच. आता मांडुळाची जागा पालीने घेतली आहे.

आपल्याकडे मनात संशय आला की शंकेची पाल चुकचुकली असं म्हणतात. असा व्हिडिओ आला की तीच पाल आधी चुकचुकली पाहिजे. कारण या धंद्यात भाव सांगणारे शंभर भेटतात, पण पैसे मोजणारा कोणी भेटत नाही. भेटतो तो वनखात्याचा नाहीतर पोलिसांचा माणूस.

पण या पालीचा एवढा बोभाटा का होतो? कोण विकत घेतं तिला? रानातल्या पालींची आज अवस्था काय आहे? आणि आपल्या रानात अशी पाल दिसली तर काय करायचं? हे सगळं नीट समजून घेण्यासारखं आहे.

व्हिडिओतली ती पाल कोणती?

बहुतेक व्हिडिओंमध्ये दिसते ती टोके पाल. नर रात्री मोठ्याने "टो-के, टो-के" असा आवाज काढतो, म्हणून हे नाव पडलं. निळसर करड्या अंगावर नारिंगी ठिपके, मोठे डोळे आणि वीतभरापेक्षा जास्त लांबी. पूर्ण वाढलेला नर ३५ सेंटिमीटरपर्यंत जातो. जगातल्या सगळ्यात मोठ्या पालींमध्ये तिची गणना होते.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा, ही पाल महाराष्ट्रातली नाही. भारतात ती आसाम, अरुणाचल प्रदेश आणि ईशान्येकडची इतर राज्यं, उत्तर बंगाल, बिहारचा काही भाग इथे आढळते. पुढे नेपाळ, बांगलादेश, म्यानमारपासून थेट इंडोनेशिया, फिलिपिन्सपर्यंत तिचा वावर आहे. बंगालमध्ये तिला तक्षक म्हणतात. आपल्याला तक्षक म्हटलं की महाभारतातला नागराजा आठवतो, तिकडे मात्र घराच्या आढ्यात राहणारी पालही तक्षकच.

म्हणजे सांगली, जालना किंवा नंदुरबारच्या शिवारात रात्र रात्र शोधलं तरी टोके पाल सापडणार नाही. सापडेल ती दुसरीच कुठली तरी पाल, आणि तिचा फुकट जीव जाईल.

कोटीची अफवा आली कुठून?

चीन आणि आजूबाजूच्या देशांमध्ये वाळवलेली टोके पाल पारंपरिक औषधात वापरतात. दमा, खोकला, अशक्तपणा यांवर ती देतात. हा व्यापार जुना आहे आणि प्रचंड मोठा आहे. वन्यजीव व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नोंदीप्रमाणे २००४ नंतरच्या साधारण दहा वर्षांत एकट्या तैवानने दीड कोटी टोके पाली मागवल्या.

पण त्या बाजारात वाळलेल्या पालीला कोटीचा भाव कधीच नव्हता. कोटीची भाषा सुरू झाली ती २०१० च्या आसपास. टोके पालीपासून एड्सवर औषध बनतं, अशी आवई आग्नेय आशियात उठली. इंटरनेटवर जाहिराती आल्या, वजनाप्रमाणे भाव लागले. मलेशिया, फिलिपिन्समध्ये लोक कामधंदा सोडून पाली पकडायला लागले. शेवटी २०११ मध्ये फिलिपिन्स सरकारला जाहीर सांगावं लागलं की पालीने एड्स बरा होत नाही, आणि असल्या उपचाराच्या नादात खरं औषध बंद केलं तर रुग्णाचा जीव जाऊ शकतो.

एड्स, कॅन्सर किंवा नपुंसकत्व पालीमुळे बरं होतं याला कुठलाही वैद्यकीय पुरावा नाही. एड्सवर सरकारी दवाखान्यातल्या एआरटी केंद्रात गोळ्या मोफत मिळतात आणि त्या नियमित घेतल्या तर माणूस वर्षानुवर्षं चांगला जगतो.

वजनाची अटही समजून घ्या. तीनशे ग्रॅमच्या वर जाणारी पाल मुळातच विरळा. त्यामुळे पकडणाऱ्याला सांगायला सोपं जातं, "तुझी थोडी कमी भरली, अजून मोठी आण." असं करत तो एकामागून एक पाली आणत राहतो. पैसा मात्र कधीच हातात पडत नाही.

दुसरा बाजार शौकाचा

औषधाचा बाजार एक झाला. दुसरा बाजार आहे पाळीव प्राण्यांचा. कुत्रं, मांजर, पोपट यांच्यासारखी युरोप, अमेरिका, जपानमध्ये लाखो लोक घरात काचेच्या पेटीत पाल पाळतात. पाल लहान असते, आवाज कमी करते, जागा थोडी लागते आणि रंगाने सुंदर असते. आता हे वेड आपल्या मोठ्या शहरांतही आलं आहे. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांमधून कस्टमवाल्यांनी जिवंत सरपटणारे प्राणी पकडल्याच्या बातम्या आता नवीन राहिलेल्या नाहीत.

या बाजारात सगळ्यात जास्त चालते ती लेपर्ड गेको, म्हणजे बिबट्यासारख्या ठिपक्यांची पाल. तिचं मूळ घर पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि आसपासचा कोरडा मुलूख. पण आज परदेशात दुकानात मिळणाऱ्या बहुतेक लेपर्ड गेको पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेल्या असतात.

दुसरी आहे क्रेस्टेड गेको, डोळ्यांवर पापणीच्या केसांसारखे काटे असलेली. ती पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरची. ती नामशेष झाली असंच सगळे धरून चालले होते. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. पिंजऱ्यात तिची पैदास इतकी सोपी निघाली की आज ती जगभर घराघरात आहे. पण तिच्या मूळ बेटावर मात्र ती अजूनही धोक्यात आहे. बाहेरून आलेल्या बारीक लाल मुंग्या, उंदीर आणि कमी होणारं जंगल ही त्याची कारणं.

म्हणजे दुकानात एखादा प्राणी ढिगाने मिळतो म्हणून तो रानातही भरपूर आहे असं नसतं. आणि रानात भरपूर आहे म्हणून तो पकडायला मोकळा आहे असंही नसतं.

"धोक्याची पातळी" कशी ठरते?

कोणता प्राणी किती संकटात आहे हे ठरवणारी एक जागतिक यादी आहे. आययूसीएन ही संस्था ती तयार करते. तिला रेड लिस्ट म्हणजे लाल यादी म्हणतात. सोप्या भाषेत तिच्या पायऱ्या अशा: कमी चिंतेचा, संकटाच्या जवळ आलेला, असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त, आणि त्यानंतर नामशेष.

टोके पाल जागतिक पातळीवर आज "कमी चिंतेच्या" पायरीवर आहे, कारण तिचा मुलूख फार मोठा आहे. हे वाचून कोणी म्हणेल, मग पकडली तर बिघडलं काय? इथेच गफलत होते. लाल यादी म्हणजे कायदा नव्हे. ती फक्त प्राण्याच्या तब्येतीचा रिपोर्ट आहे. पूर्ण मुलखाचा हिशेब लावला तर पाल भरपूर दिसते, पण एखाद्या जिल्ह्यात तिचा आवाज कायमचा बंद झालेला असू शकतो. गावातल्या दहा विहिरींची सरासरी काढली तर पाणी चांगलं दिसतं, पण ज्याची विहीर कोरडी त्याला त्या सरासरीचा उपयोग काय?

व्यापारासाठी वेगळा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याचं नाव सायटिस. त्याच्या परिशिष्ट १ मधल्या रानातल्या प्राण्यांचा धंद्यासाठी परदेशी व्यापार पूर्ण बंद. परिशिष्ट २ मधल्या प्राण्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाला झालेल्या बैठकीत टोके पालीचा परिशिष्ट २ मध्ये समावेश झाला. त्याच बैठकीत आपल्याकडच्या तारा कासवाला परिशिष्ट १ मध्ये टाकण्यात आलं.

एका जंगलातली निळी पाल

शौकाचा बाजार काय करू शकतो याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आफ्रिकेतल्या टांझानियात आहे. तिथे किंबोझा नावाचं एक छोटं राखीव जंगल आहे, जेमतेम चार चौरस किलोमीटरचं. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढं. तिथे केवड्याच्या जातीच्या एका झाडावर बोटाएवढी पाल राहते. नर इतका झगझगीत निळा की बघत राहावं. हा रंगच तिच्या मुळावर आला.

एका अभ्यासात असं दिसलं की डिसेंबर २००४ ते जुलै २००९ या साडेचार वर्षांत पाली पकडणाऱ्या एकाच टोळीने या जंगलातून किमान ३२ हजार पाली नेल्या. झाडावर चढून एकेक पाल पकडण्यापेक्षा ते झाडच तोडायचे. म्हणजे पालही गेली आणि पुढच्या पालीचं घरही गेलं. पकडणाऱ्या गरीब माणसाला एका पालीमागे किरकोळ पैसे मिळायचे, युरोपातल्या दुकानात तीच पाल कितीतरी पटीने महाग विकली जायची.

आज ही पाल अतिसंकटग्रस्त आहे. २०१६ मध्ये सायटिसने तिला परिशिष्ट १ मध्ये घेतलं आणि २०१७ पासून तिचा व्यापार बंद झाला.

त्याच वर्षी व्हिएतनामच्या एका छोट्या बेटावरच्या रंगीबेरंगी पालीलाही तेच संरक्षण मिळालं. नारिंगी पाय, पिवळी मान, जांभळट अंग अशी ती पाल जगाला २०१० मध्ये माहीत झाली. तीनच वर्षांत ती युरोपच्या बाजारात विकायला आली होती.

पत्ता छापला आणि पाल संपली

इथे एक विचित्र प्रकार घडतो. शास्त्रज्ञ नवीन जात शोधतात, ती नेमकी कुठे सापडली हे शोधनिबंधात लिहितात, आणि तो पत्ता घेऊन तस्कर तिथे पोचतात.

दक्षिण चीनमधल्या गुहांच्या भागात राहणाऱ्या एका पालीचं वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. काही वर्षांतच ज्या जागी ती पहिल्यांदा सापडली तिथून ती पूर्ण साफ झाली. परदेशात एकेका पालीला दीड-दोन हजार डॉलर मिळत होते. २००६ मध्ये काही शास्त्रज्ञांनीच हा धोका जाहीरपणे मांडला. त्यानंतर बरेच संशोधक नवीन जातीचा नेमका पत्ता छापणं टाळतात.

आता हाच विचार आपल्या मोबाईलला लावा. रानात वेगळी पाल दिसली, फोटो काढला, गावाचं नाव, डोंगराचं नाव, लोकेशनसकट टाकला. शंभर लाइक आले. पण त्या शंभरात एक जण असा असू शकतो ज्याला लाइकशी देणंघेणं नाही, त्याला फक्त पत्ता हवा आहे.

पाल संपायला वेळ का लागत नाही?

बेडूक एका वेळी शेकडो, हजारो अंडी घालतो. पालीचं तसं नसतं. बहुतेक जातींची मादी एका वेळी फक्त दोन अंडी घालते. त्यातली काही साप, मुंग्या, उंदीर खातात. जी पिल्लं जगतात त्यांना मोठं व्हायला वेळ लागतो.

त्यात अनेक पाली एकाच डोंगरावर, एकाच बेटावर, एकाच प्रकारच्या खडकावर राहतात. तिथून संपल्या की शेजारच्या डोंगरावरून दुसरी पाल येऊन जागा भरून काढत नाही, कारण शेजारच्या डोंगरावर ती जातच नसते.

प्रवासातला जीव वेगळाच जातो. तस्कर पाली मोज्यात, डबीत, कापडी पिशवीत कोंबून नेतात. पाणी नाही, हवा नाही. ग्राहकाच्या हातात एक जिवंत पाल पडते तेव्हा तिच्यामागे वाटेत मेलेल्या पालींचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो.

महाराष्ट्राच्या रानात काय आहे?

टोके पाल नसली म्हणून आपलं रान रिकामं नाही. उलट पालींच्या बाबतीत महाराष्ट्र श्रीमंत आहे.

महाराष्ट्र, गुजरातच्या कोरड्या, दगडगोट्यांच्या पट्ट्यात आपली स्वतःची बिबट्या पाल आहे, पाकिस्तानातल्या लेपर्ड गेकोची चुलत बहीण. ती भिंतीवर चढत नाही, कारण तिच्या बोटांना चिकटणारी गादी नसते. जमिनीवर चालते, दिवसा दगडाखाली किंवा बिळात राहते, रात्री बाहेर पडते. घरातल्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात, त्यामुळे ती डोळे मिटू शकते. शेपटी जाड असते, त्यात चरबी साठवून ती पडत्या काळात दिवस काढते. तिच्या खाण्यात किडे, नाकतोडे आणि चक्क विंचूही असतात. २०१४ मध्ये सातपुड्याच्या नावाने तिच्या आणखी एका बहिणीची नोंद झाली.

लाल यादीत आपली बिबट्या पाल सध्या "कमी चिंतेची" आहे. पण रस्त्यावर गाडीखाली सापडते, माळरानं फोडली की तिचं घर जातं, आणि विषारी समजून लोक दिसली की ठेचतात. त्यात कोटीच्या व्हिडिओची भर पडली तर ती "कमी चिंता" किती दिवस टिकेल?

सह्याद्रीत तर अजून वेगळंच चित्र आहे. कातळावर, झाडाच्या बुंध्यावर दिवसा फिरणाऱ्या बोटभर पालींच्या कितीतरी जाती गेल्या दहा-पंधरा वर्षांत शास्त्रज्ञांनी नव्याने नोंदवल्या. आंबोलीच्या नावाने २०१८ मध्ये एक पाल नोंदली गेली, कोयनेच्या नावाने २०१९ मध्ये. त्याआधी २००८ मध्ये साताऱ्याच्या नावाने एक नोंदली गेली. यातल्या काही जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. एखाद्या सड्यावर खाण लागली किंवा वणवा पेटला तर एखादी जात कायमची जाऊ शकते.

पाल विषारी असते का?

नाही. भारतात आढळणारी एकही पाल विषारी नाही. घरातली नाही, रानातली नाही, बिबट्या पाल नाही आणि टोके पालही नाही. टोके पाल जोरात चावते, रक्तही काढते, पण विष नसतं.

मग दुधात, भाजीत पाल पडली तर लोक आजारी का पडतात? तर पालीच्या पोटात आणि अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्याने उलट्या, जुलाब होतात. म्हणून पाल पडलेलं अन्न टाकून द्यायचंच, पण विषामुळे नव्हे, जंतूंमुळे. अन्न झाकून ठेवलं की प्रश्न मिटतो. पाल हाताळणाऱ्याने हात साबणाने धुवावेत, हाही त्याच कारणाने नियम.

पाल रोज रात्री डास, झुरळं, पतंग, वाळवी आणि पिकावरचे किडे खाते. ती घराची आणि शेताची फुकटची राखण आहे.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. टोके पाल आता अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघ, बिबट्या, खवले मांजर यांच्या पंगतीत.

कायद्यातले काही मुद्दे प्रत्येकाला माहीत असायला हवेत:

- कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, सापळा लावणं, तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच.
- अनुसूची १ मधल्या प्राण्याच्या गुन्ह्यात किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद होते. दंड किमान २५ हजार रुपये.
- अशा गुन्ह्यात जामीनही सहज मिळत नाही. याच कायद्याखाली आधी शिक्षा झालेल्या माणसाला तर सरकारी वकिलाला विरोध करायची संधी दिल्याशिवाय कोर्ट जामीन देत नाही.
- गुन्ह्यात वापरलेली गाडी सरकारजमा होऊ शकते. मित्राला "जरा सोडून ये" म्हणून दिलेली मोटारसायकलसुद्धा.
- सायटिस यादीतला परदेशी जिवंत प्राणी घरात असेल तर त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. यासाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. "दुकानातून घेतला, बिल आहे" एवढं पुरत नाही.

ही नुसती कागदावरची भीती नाही. एप्रिल २०२५ मध्ये आसामच्या दिब्रुगड जिल्ह्यात पोलिसांच्या विशेष पथकाने ११ टोके पाली ताब्यात घेतल्या आणि तिघांना अटक केली. अशा कारवाया बिहार, बंगालमध्येही होत असतात.

पाल कोणत्या अनुसूचीत येते हे गावातल्या माणसाला ओळखता येईलच असं नाही. त्यामुळे सोपा नियम एकच, रानातली कुठलीही पाल पकडायची नाही.

"आमची पैदास केलेली आहे" या बोलण्याचं काय?

विकणारा नेहमी सांगतो, "ही रानातली नाही, फार्मवरची आहे." काही जातींच्या बाबतीत हे खरं असतं. पण दरवेळी नाही.

इंडोनेशियाने २०१४ च्या सुमारास पिंजऱ्यात पैदास केलेल्या ३० लाख जिवंत टोके पाली वर्षाला बाहेर पाठवायला मंजुरी दिली होती. ट्रॅफिकने हिशेब मांडला. एवढ्या पाली काढायला किती माद्या, किती पिंजरे, किती किडे, किती माणसं लागतील ते मोजलं. तेवढी पैदास शक्यच नाही आणि परवडणारीही नाही, असं त्यातून निघालं. मग पाली येणार कुठून? रानातूनच. कागदावर "फार्म" लिहिलं की चोरीचा माल सरळ होतो. दूध कमी आणि डेअरीला जास्त भरलं तर त्यात पाणी आहे हे गावात कोणालाही कळतं. हाही तसाच हिशेब.

एका छोट्या बेटाने करून दाखवलं

सगळी गोष्ट निराशेची नाही. कॅरिबियन समुद्रात युनियन आयलंड नावाचं एक छोटं बेट आहे. तिथे जेमतेम तीन सेंटिमीटरची, लाल-पांढऱ्या ठिपक्यांची एक पाल राहते, तीही फक्त अर्ध्या चौरस किलोमीटर जंगलात. २००५ मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली आणि लगेच परदेशी शौकिनांची नजर पडली. दगड उलथून, लाकडं फोडून लोक तिला न्यायला लागले. ती अतिसंकटग्रस्त झाली. २०१८ मध्ये मोजणी झाली तेव्हा सुमारे १० हजार पाली उरल्या होत्या.

मग बेटावरचीच माणसं पुढे आली. फॉना अँड फ्लोरा या संस्थेची आणि तिथल्या सरकारची साथ होती, पण जंगलात गस्त घालायला उभे राहिले ते गावकरी. त्यांना प्रशिक्षण मिळालं, कॅमेरे लागले, रात्रंदिवस पहारा सुरू झाला. सरकारने सायटिसकडे मागणी करून २०१९ मध्ये पालीला परिशिष्ट १ मध्ये घालून घेतलं. चार वर्षांनी मोजलं तर पाली सुमारे १८ हजार झाल्या होत्या.

तिथे कोणाला कोटी रुपये मिळाले नाहीत. पण पाल बघायला लोक येतात, तरुणांना पहाऱ्याचं काम मिळतं, आणि जगात फक्त आपल्याकडे आहे अशी एक गोष्ट अजून त्यांच्याकडेच आहे.

रानात पाल दिसली तर, किंवा फोन आला तर

- पाल दिसली तर लांबून बघा. पकडू नका, मारू नका. ती स्वतःहून निघून जाते.
- फोटो काढायला हरकत नाही, पण टाकताना लोकेशन, डोंगराचं किंवा शिवाराचं नाव टाकू नका.
- दगड उलथले तर परत होते तसे ठेवा. त्याखालीच तिचं घर असतं.
- "पाल पाहिजे, वजन सांगा, व्हिडिओ पाठवा" असा फोन किंवा मेसेज आला तर सौद्यात पडू नका. नंबर आणि मेसेजचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि वनखात्याला द्या.
- आगाऊ पैसे, "टेस्टिंग फी", "पार्टीचा गाडीखर्च" असं काही मागितलं तर ती सरळ फसवणूक समजा. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे.
- कोणी पाली पकडताना किंवा नेताना दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. जवळच्या वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात सांगितलं तरी चालतं.
- शिकलेली मुलं शहरात राहून पाल किंवा दुसरा परदेशी प्राणी पाळायचं म्हणत असतील तर आधी कायदा आणि नोंदणी विचारून घ्या.

पुढच्या वेळी ग्रुपवर वजनकाट्यावरची पाल दिसली की ती पुढे पाठवायच्या आधी क्षणभर थांबा. त्या एका फॉरवर्डमुळे गावातलं एखादं पोरगं रात्री बॅटरी घेऊन बाहेर पडू शकतं, आणि सकाळी त्याचा बाप वनखात्याच्या ऑफिसबाहेर उभा असू शकतो. पाठवायचंच असेल तर त्या व्हिडिओखाली एवढं लिहून पाठवा: हे खोटं आहे, हा गुन्हा आहे, पालीला रानातच राहू द्या.